विसण

उम्म-अल-रमादला आता राख उरलेली नाही,
नावात आहे तेवढीच.
दोन नंबरच्या रोलिंग मिलमध्ये सौना,
चिमणीत लिफ्ट, वरून इराणच्या बाजूचा समुद्र दिसतो.
आणि जिथे शंबे बलोचची दोन बोटं राहिली
तिथे काकडीचं पाणी, काचेच्या बरणीत.

मी तेव्हा भट्टीचा रंग वाचायचो :
आधी कोकम, मग पळस, मग पिकलं लिंबू.
पांढरं झालं की खलफान शिट्टी मारायचा
आणि आम्ही मागे सरायचो.
थर्मामीटर होता. त्याला कुणी विचारत नसे.

आता टॉवेल देतो.
गरम, गुंडाळलेले, गवती चहाच्या वासाचे.
पगार निम्मा, पण खोकला गेला.

काल एका जर्मन बाईंनी विचारलं,
हा झरा किती जुना?
मॅनेजरने पढवलंय, हजार वर्षं.
मी म्हणालो, बॉयलर अकरा साली बसला,
वेल्डिंग माझं.
त्या हसल्या, टिप ठेवली,
आणि गळ्यापर्यंत उतरल्या.

पहाटे पाचला, कुणी यायच्या आधी,
पाणी बघायचं काम माझ्याकडे.
तळव्याला काही कळत नाही, तो कधीच शिजलाय.
म्हणून कोपर बुडवतो,
खेडला आई बुडवायची तसं,
धाकट्याला न्हाऊ घालण्याआधी,
आणि म्हणायची, जरा विसण घाल रे.

इतकी वर्षं या गावात
आगीला विसण घालताना कुणी कुणाला पाहिलं नाही.
मी नळ थोडा सोडतो.
अजून थोडा.