लाल रेघ

सारेमा बेटावर हेइनो
अजून त्याच छोट्या कपानं पाणी पितो.
बहिणीनं, लेइडानं, नेलपेंटनं ओढलेली
लाल रेघ ओलांडत नाही.
तिचीच किडनी पोटात रुजून
चौदा महिने झाले.

"चीज खा आता," डॉक्टरीणबाई म्हणतात,
"फॉस्फेट फार उतरलंय."
सात वर्षं ज्याला हात लावायचा नव्हता, ते!

कॅल्शियम मात्र चढतंच.
गळ्यातल्या चार ग्रंथी, तांदळाच्या दाण्याएवढ्या,
वाटाण्यासारख्या टरारल्यात.
दुष्काळ सरल्याचं त्यांना कुणी कळवलंच नाही.
रात्रभर हाडं खरवडतात.

हेइनो हसतो. चुनखडीच्या खाणीत
तीस वर्षं त्यानं हेच केलं.

लेइडा येते, काही न बोलता
मोठा मग काठोकाठ भरून ठेवते.
तो अंगठ्यानं
रेघ चाचपत राहतो.