अमाईन

मालवण. दुपारचं प्रॅक्टिकल.
"वास ओळखा," केरकर मॅडम म्हणाल्या,
आणि अख्खा वर्ग माझ्याकडे वळला.

नळीतल्या द्रवात लाल लिटमस बुडवला,
निळा झाला.
मग विरल आम्लाचे थेंब, मोजून सात.
वास गेला.

"सोलां घाल गो, हिवसाण जाता,"
आये रोज म्हणते,
बांगड्याच्या कढीवर झाकण ठेवताना.

पण जातो कुठे?
क्षारात गप्प बसून राहतो.
मी विचारलं नव्हतं कुणाला,
नुसता कॉस्टिक सोडा ओतला वरून
आणि तो उठला,
पहिल्यापेक्षा करकरीत.

जर्नलात निष्कर्ष लिहिला: प्राथमिक नव्हे, तृतीयक.
मॅडमनी सही केली.
नळ्या घासल्या, उपड्या घातल्या.

हात न धुताच
एसटीत बसले,
खिडकी लावून.