कानात सांगायचं नाव

नकुलला बहीण नाही, म्हणून बारशाला आत्या मी.
रामबागेत दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा पाळणा,
त्याची एक कडी कुरकुरते.
शाल्मली चिठ्ठीवर लिहून देते: माइआ.
"म्हणजे माया?"
"नाही हो आत्या, ग्रीक आहे. मा-इ-आ.
मध्ये जरा थांबायचं."

दुबेभाभी दारातूनच म्हणतात,
"मैया? अच्छा है, नर्मदा मैया."
आज नळाचा दिवस. खाली टाकीत
जलूदहून चढून आलेली ती पडतेच आहे.

शाल्मली फोनवरून वाचते:
आभाळ खांद्यावर घेऊन उभ्या राहिलेल्या बापाची लेक,
सात बहिणींत थोरली.
लाजाळू. देवांच्या पंगतीला जायची नाही.
डोंगरातल्या गुहेत रात्री बाळंत झाली,
आणि पोरगं असं, की पहाटे जन्मलं
नि संध्याकाळी दुसऱ्याच्या गाई पळवून आणल्या.
"कन्हैयाच की," कुणीतरी म्हणतं.
पुढे साती जणी आभाळात गेल्या.
आपल्या कृत्तिका त्याच.
आपण सहाच मोजतो,
परक्याच्या पोराला अंगावर पाजणाऱ्या.

"आणि अर्थ?"
"आई," शाल्मली म्हणते. "किंवा दाई.
सुईण."
शेवटचा शब्द हळू,
पेढ्यात केस निघावा तसा.

एकतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या लेबर रूममध्ये
माझं कुमुदिनी हे नाव फक्त पगारपत्रकावर होतं.
देपालपूरच्या, सांवेरच्या, महूच्या बायका
टेबलाची कड धरून ओरडायच्या,
ओ मैया, ओ मैया री!
मला वाटायचं, आईला बोलावतात.
किंवा नदीला.
हातमोजे चढवत मी म्हणायचे,
आई बाहेर बसलीय, बाई,
इथे मी आहे. लाव जोर.

बायका माझ्या मागे धपाटे घालायला टपलेल्या.
घुगऱ्यांचं पातेलं कुणीतरी सरकवतं.
मी वाकते.
कानाच्या पाळीवर अजून बारीक लव,
आठवड्याभरात झडेल.
कुर्रर्र.
मा,
मध्ये जरा थांबायचं,
तेवढ्यात पाठीत पहिला धपाटा बसतो
आणि उरलेलं नाव आपोआप बाहेर पडतं.

"बरोबर आलं ना?" शाल्मली विचारते.
मला ठाऊक नाही.
पोरीनं डोळे उघडले नाहीत,
नुसती मान वळवली आवाजाकडे,
सगळ्याच वळवायच्या तशी.