पदरचं

मसाकाच्या बाजारामागे, सुक्या मासळीच्या ओळीला लागून
पत्र्याचा एक हॉल. तिकीट पाचशे शिलिंग.
दाराशी खडूनं लिहिलेलं : आज व्हीजे सेबुन्या.
चित्रपटाचं नाव त्याखाली, लहान अक्षरांत,
तेही चुकीचं.

मी वही घेऊन गेले होते. विद्यापीठानं पैसे दिले होते
प्रेक्षक आणि प्रभाव, या विषयावरच्या वीस पानांसाठी.
शेजारी एक बोडाबोडावाला, मांडीवर हेल्मेट,
हेल्मेटमध्ये भाजलेल्या शेंगा.
"घ्या न्याबो," म्हणाला, "लिहिताना भूक लागते."

पडद्यावर बर्फ पडत होता. कुठल्याशा थंड देशातली बाई
खिडकीशी उभी राहून बशा धूत होती.
दोन मिनिटं अकरा सेकंद. एकही शब्द नाही.
या शांततेवर मी पूर्वी निबंध लिहिला होता,
दिग्दर्शकाच्या संयमाबद्दल, चौकटीतल्या रिकाम्या जागेबद्दल;
दोनदा छापून आला.

सेबुन्यानं माइक तोंडाशी ओढला.
"हिशोब करतेय ती. तीन मुलं. शाळेची फी सोमवारी.
नवरा म्हणतो, बघू. बशी कशी घासतेय पाहा,
बशी कुठली, नवऱ्याचं तोंड आहे ते."
हॉल फुटला हसून.
मग हळूच म्हणाला,
"नळाला गरम पाणी आहे तिथं. तरी बाई रडते."
हसणं जिथल्या तिथं थांबलं.

मी वहीत लिहिलं : विपर्यास. सरळ ध चा मा.
खाली रेघ मारली.
शेंगा संपवल्या.

प्रभाव मोजणं तसं सोपं असतं.
शिंपी कायोंडोनं त्या बाईचा लोकरी कोट शिवला होता
विषुववृत्ताला खेटून असलेल्या या गावात,
चार गिऱ्हाइकांसाठी, अस्तर न लावता.
एका वासराचं नाव खलनायकाचं.
एवढं कोष्टकात बसलं.

मग किटोव्हूच्या टेकडीवर एका दफनाला गेले.
म्हातारी नामुतेबी लेकाच्या खड्ड्याशी उभी राहून म्हणाली,
"त्या चित्रपटात म्हणतात ना,
गरम पाणी आहे, तरी बाई रडते.
माझा तर नळही नाही."
माना हलल्या. सगळ्यांना ओळ ठाऊक होती.
माझ्या पिशवीत पटकथा होती, पान त्रेसष्ट :
ती बशा धुते.
एवढंच.

सेबुन्याला विचारलं, "मूळ भाषा येते तुला?"
"थोडी."
"मग हे सगळं पदरचं?"
"पदरचं म्हणजे कुणाच्या?" म्हणाला,
आणि जनरेटरमध्ये तेल ओतायला वाकला.
"चित्रपट वाईट निघाला तर?"
"मग जास्त बोलावं लागतं."

मी त्याच्या बाजूनं लिहायला बसले होते.
अकरा पानं झालीही होती.
पण शेवटच्या खेळाला पुन्हा गेले, आणि या वेळी
पडद्यापेक्षा त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवलं.

शेवटी ती बाई दार ओढून घेते.
किल्ली पायपुसण्याखाली सरकवते, बर्फातून चालू लागते,
वळून बघत नाही. पटकथेतही बघत नाही.
सेबुन्या घसा खाकरून म्हणाला,
"माहेरी निघालीय. आठवड्यात येईल परत.
घर सोडून कुठं जाणार?"
पुढच्या बाकांवरचे पुरुष सैल झाले.
बोडाबोडावाल्यानं हेल्मेट डोक्यावर चढवलं.

तेवढ्यात मागून, टोमॅटोच्या टोपल्या ठेवतात तिथून,
एका बाईचा आवाज :
"खोटं. बॅग बघ केवढी आहे."

माइक क्षणभर गप्प.
बर्फाचा आवाज ऐकू आला, पहिल्यांदाच,
बुटाखाली करकरणारा.

वीस पानं मी वेळेत दिली.
तिचं नाव विचारायचं राहून गेलं.
तळटीप क्रमांक नऊमध्ये आहे ती :
मागची रांग, डावीकडून तिसरी.