माझ्या ट्रकला जपानी येतं

माझ्या ट्रकला जपानी येतं. मला येत नाही.
कुणीतरी तिकडे वापरून टाकलेला हा ट्रक
मोंबासाच्या धक्क्यावर उतरला तेव्हा
आत एक बाई राहून गेली होती.
रिव्हर्स टाकला की बोलते,
मऊ, आर्जवी, पाहुण्याला साखर किती विचारावी तशी:
बाक्कु शिमासु. बाक्कु शिमासु.
मागे सात टन सिमेंट सरकत असतं
आणि तिचा आवाज काही चढत नाही.
मला वाटायचं, नमस्कार म्हणत असेल.

म्लोलोंगोच्या तळावर तिला सगळे ओळखतात.
वजनकाट्याच्या पुढे, हायवेला लागून,
डिझेल पिऊन काळी झालेली माती,
खेटून उभ्या चाळीस-पन्नास गाड्या
आणि मधल्या बोळांतून उकडलेली अंडी, पंक्चरवाले,
झोपेतून उठून आडोसा शोधणारे ड्रायव्हर.
शेवटच्या रांगेत स्योंबुआ चहा उकळते.
तिची कामेने चार वर्षांची.
दोन मुलं गेल्यावर ठेवलेलं नाव: नावडती.
मरणालाही नावडावी म्हणून.
माझ्या गाडीतली बाई तिला तोंडपाठ.
हात पसरून उलट्या पावलांनी येते,
बाक्कु शिमासु, बाक्कु शिमासु,
माझ्या गुडघ्यावर आदळते, हसते.

एप्रिलच्या चिखलात ती बाई मुकी झाली.
वायर उंदरानं खाल्ली असेल.
म्हटलं, नैरोबीत बघू.
मग म्हटलं, एल्डोरेटहून आलो की बघू.
आरसे आहेत, मागे हात दाखवायला सिमियू आहे,
बावीस वर्षं मागे घेतोय गाडी.
बावीस वर्षं म्हणजे काही डोळा नव्हे.

त्या संध्याकाळी डाव्या आरशात सिमियूचा हात:
न्जो, न्जो, न्जो. ये, ये, ये.
उजवीकडे कुणी एक न बोलावता मदतीला आला,
तोही हात हलवू लागला, वेगळाच.
मी त्याच्याकडे पाहिलं. परत डावीकडे पाहिलं.
सिमियू नव्हता.
असेल, म्हटलं.
त्या एका 'असेल'वर मी चार फूट मागे गेलो.

मग पत्र्यावर तळवा. दोनदा.
सिमियूचा नव्हे. त्याचा मला ओळखू येतो.

उतरलो. पाय माझे नव्हते.
मागच्या चाकाखाली चहाचं भांडं, भाकरीसारखं चपटं.
त्याच्यापासून वीतभर अंतरावर
कामेने, गाडीकडे पाठ करून, बाटल्यांची बुचं मांडत.
तिनं मान वळवली. माझ्याकडे नाही, गाडीकडे पाहिलं,
आणि रुसून म्हणाली,
तू बोलली नाहीस.

स्योंबुआ काही बोलली नाही.
भांड्याचे पैसे घेतले नाहीत.
आठ दिवस मला चहा दिला नाही, हे मात्र खरं.

वायर जोडायला साडेचारशे शिलिंग लागले.
जोडणाऱ्या पोराला जपानीतलं थोडंफार कळायचं.
म्हणाला, नमस्कार नाही हो,
मी मागे येतेय म्हणते, सांभाळा म्हणते.
इतकी वर्षं ती सांगत होती,
आणि सगळ्या तळावर अर्थ फक्त एका पोरीला कळला होता,
तोही न कळता.

आता बाई बोलते, तरी मी उतरतो.
गाडीभोवती एक फेरी. वाकून खाली बघतो.
मागच्या गाड्या भोंगे वाजवतात, आईबहिणीवर येतात.
येऊ देत.
सिमियू आरशातून नाहीसा झाला की ब्रेक.
तो लघवीला गेला असो की स्वर्गात.

आणि कामेनेला मी एवढंच शिकवलंय:
आवाजावर जाऊ नकोस.
आरशात माझं तोंड शोध.
मी तुला दिसलो नाही तर तूही मला दिसत नाहीस.
तिनं त्याचाही खेळ केला.
रांग ओलांडायच्या आधी थांबते,
डोकं तिरकं करून आरसा धुंडाळते,
मी सापडलो की जीभ काढून दाखवते.
मी पन्नाशीचा माणूस, दाढी पिकलेली,
तळावरच्या सगळ्यांदेखत
मीही काढून दाखवतो.
तेव्हाच ती पाऊल टाकते.