वजा चार पौंड बारा

केटरिंगमध्ये येऊन आठ महिने झाले
तेव्हा मी बिडाच्या तव्याबद्दल लिहिलं:
पहिल्या तीन घावनांची आशा सोडा,
चौथं सुटतं.
खाली लिंक. लिंकखाली, नियमाप्रमाणे,
"इथून घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं,
तुम्हाला जास्त पडत नाही."
हे टाइप करताना कान गरम झाले.
श्रीरंग म्हणाला, अगं, सगळेच लिहितात.

आमच्याकडे याला दलाली म्हणत
आणि आजोबा ती राजरोस करत,
बेल्ह्याच्या बैलबाजारात, दर सोमवारी.
उपरण्याखाली दोन हात जायचे,
एक विकणाऱ्याचा, एक आजोबांचा.
बोटं धरली, दाबली, सोडली,
वर चेहऱ्यावर माशी बसल्याचीसुद्धा खूण नाही.
भाव कुणाला दिसायचा नाही.
माणसं मात्र दिसायची.
बैलाचे दात दिसायचे,
घेणाऱ्याच्या कोपरावरचं ठिगळ दिसायचं.

माझं उलटं आहे.
भाव दिसतो, पेन्ससकट.
माणूस उपरण्याखाली.

सकाळी बॉयलर घुरघुरत असतो तेव्हा
मी रिपोर्ट उघडते.
तवा कुणीच घेत नाही.
तव्याच्या दारातून आत शिरतात
आणि चोवीस तासांत जे काही उचलतील
त्यातली चिमूट माझी:
उंदरांचे सापळे, सहा.
डाव्या गुडघ्याचा पट्टा.
ख्रिसमसचे दिवे, तेही मार्चमध्ये.
पाखरांचे दाणे, वीस किलो.
हे कोण रे, मी श्रीरंगला विचारते,
एवढी पाखरं कुणाकडे येतात?
तो म्हणतो, एकतीस पेन्स आले ना, झालं तर.

शेजारच्या डोरीनला लिंक मीच पाठवली होती.
पट्टा तिचा असेल म्हणून
दोन दिवस तिच्या चालण्याकडे बघत राहिले.
ती दोन्ही पायांनी ठणठणीत.

नऊ एप्रिलला पाळणा गेला.
पांढरा, लाकडी, गादीसकट.
चार पौंड बारा पेन्स.
एवढे एकदम कधीच आले नव्हते.
त्या संध्याकाळी आम्ही चिप्स आणल्या,
व्हिनेगर जरा जास्त झालं,
श्रीरंग म्हणाला, बाळाच्या नावानं,
आणि आम्ही चिपला चिप टेकवली.
नंतर भांडी घासताना मी
त्या न पाहिलेल्या घरात पाळणा कुठे ठेवायचा
ते ठरवत होते:
खिडकीपासून लांब.
रेडिएटरपासूनही लांब.

सव्वीस एप्रिलला
नवी ओळ आली.
वस्तू तीच. रक्कम तीच.
रकमेआधी एक आडवी रेघ.

सौदा मोडला की आजोबा
घेतलेली दलाली परत द्यायला स्वतः जायचे,
आळेफाट्याच्याही पुढे, चालत.
ओट्यावर टेकायचे.
बैल का परत केला, हे विचारायचे नाहीत.
गुळाचा चहा यायचा, तो प्यायचे,
निघेपर्यंत काय ते समजलेलं असायचं.

मला इथे कुठलंच दार नाही.
पैसे तर आपोआप वळते झाले,
खुर्चीवरून उठावंसुद्धा लागलं नाही.

रंग आवडला नसेल.
एखादा स्क्रू कमी आला असेल, नेहमीच येतो.
खोलीत मावला नसेल,
इथल्या खोल्या लहानच असतात,
आमच्यात कपाट उघडलं की दार लागत नाही.

आज तव्याचा मजकूर पुन्हा काढला.
चौथं सुटतं, असं लिहिलं होतं.
चौथं बहुतेक सुटतं,
असं केलं.