बिलाच्या पाठीवर

काउंटरवर दोन खोकी उघडी.
बाहेर दुकानाचा बोर्ड उतरवून रंगारी अक्षरं मापतोय,
वरची भाषा किती मोठी, खालची किती बारीक,
ते त्याला पट्टीनं ठरवायचंय.
मला आत, या दोन बोर्डांचं.

उजवीकडे प्रज्योत, टिळकवाडीतला, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळचा.
त्याला काळा पाहिजे, कडेनं जांभळा उजेड वाहणारा.
"गेम अडकूलंय हो. मी आधी मरूलोय, मग स्क्रीन हलूलंय."
डावीकडे सुनंदा हुंदरे. देसूरहून आलेली.
लग्नं शूट करते, रात्र रात्र वऱ्हाड कापत बसते.
तिला पांढरा. उजेड नको.
"उजेड मला नवरीच्या तोंडावर बघायचाय.
एकच हळद तीन पिवळ्यांत दिसूलंय की."

बिल उलटं करून मी मधे रेघ मारली.
फेज: काळ्याला वीस, पांढऱ्याला अठरा.
एसएसडीच्या खाचा काळ्याला पाच,
पण पाचवी भरली की ग्राफिक्स कार्डची वाट निम्मी होते.
हे खोक्यावर अगदी तळाशी, आमच्या बोर्डावरच्या मराठीएवढं.
थंडरबोल्ट पांढऱ्याला दोन, काळ्याला एकही नाही.
दहा गिगाची नेटची खाच पांढऱ्याला,
जिच्यात खुपसायला देसुरात काही पोचलेलं नाही.
आवाजाची चिप तीच. चिपसेट तोच. सॉकेट तेच.
फरक चार हजारांचा,
आणि एक जांभळा.

अण्णा आतून आले. उद्यमबागेत एकतीस वर्षं
वितळलेलं लोखंड बघून डोळे बारीक झालेले.
"आण बघू."
दोन्ही हीटसिंकवर नख वाजवलं,
गणपत गल्लीत नारळ वाजवतात तसं.
काळा म्हणाला टक.
पांढरा म्हणाला टण्ण.
"ह्याला कोट घातलाय प्लॅस्टिकचा.
खाली धातू हाय खरं, थोडका."
उष्णता कुठून बाहेर पडते तेवढंच ते बघतात,
माणसातसुद्धा.

प्रज्योत गप्प. मग हळूच,
"खरं उजेड भारी पडूलाय की."
पडतोच. दोन वर्षं कुरिअरची गाडी हाकून
साठवलेल्या पैशाला
थोडं झगमगावंसं वाटलं तर मी कोण?

सुनंदानं विचारलं, "बिघडला तर कुठं जातोय?"

हा रकाना मी पाडलाच नव्हता.
पांढरा जातो कोल्हापूरला. काळा हुबळीला.
मागच्या डिसेंबरात एक बोर्ड कोगनोळीच्या नाक्याशी
उभ्या गाडीत अकरा दिवस पडून होता.
इकडची बस तिकडं नाही, तिकडची इकडं नाही.
खानापूरचा पोरगा रोज फोन करायचा,
"माझा बोर्ड आता कुणाच्यात हाय?"

"माझा सीझन बी डिसेंबरातच," ती म्हणाली.
थंडरबोल्टवर तिनंच पेन घेऊन काट मारली
आणि काळा घेतला.
उजेड बंद करता येतो ना, एवढंच विचारून.
येतो, म्हटलं.
प्रज्योत अजून पांढऱ्यावर नख वाजवतोय.

रात्री शटर अर्धं ओढून तिचा जोडला.
बोर्डाच्या कोपऱ्यात पंचावन्नचा आकडा थांबला.
रॅम सापडत नाही. काढली, फुंकर मारली, पुन्हा दाबली,
दोन्ही बाजूंना खटका बसेपर्यंत.
मग यादी आली, भाषा निवडा म्हणून.
इंग्रजी, जपानी, रशियन, चिनी दोन तऱ्हांची.
वरची नव्हती. खालचीही नव्हती.
मी पहिल्या ओळीवर एंटर मारलं,
सगळेच मारतात.

"काय म्हणूलंय?" अण्णांनी विचारलं.
"उठलं म्हणूलंय."
जांभळा उजेड मी लगेच बंद केला नाही.
अण्णा बघत होते.